हिरव्यात लाल, लालात बोअरचं पाणी: आमच्या ऑल्टोच्या कूलंटच्या नोंदी

गाडी: मारुती ऑल्टो, ८०० सीसी, २००९ ची, १,१८,००० किलोमीटर झालेली. ठिकाण: सोलापूर. माणसं दोन: मी, आणि एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढून निवृत्त झालेले अण्णा. एका रविवारचं काम म्हणून हात घातला, महिना गेला. खर्च ४,४१० रुपये, त्यातले निदान हजारभर माझ्या चुकांचे. नोंदी त्या त्या रात्री वहीत लिहिल्या होत्या. इथे उतरवताना भाषा थोडी साफ केली आहे, चुका तशाच ठेवल्या आहेत.

शनिवार, ५ एप्रिल २०२५

तुळजापूरला निघालो होतो. गावाअलीकडचा घाट चढताना एसी चालू होता आणि टेम्परेचरचा काटा अर्ध्यावरून पाऊणच्या पुढे सरकला. एसी बंद केला, तरी काटा हलेना. शेवटी हीटर पूर्ण गरमवर टाकून ब्लोअर सोडला, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता तरी आत ओढली जाईल. एप्रिलच्या दुपारी! आई पदराने वारा घेत, बोलायचं नाही म्हणून गप्प बसली. काटा हळूहळू खाली आला, पण एक गोष्ट खटकली: इंजिन एवढं तापलेलं असताना हीटरची हवा मात्र कोमटच होती. हे वहीत अधोरेखित केलं, पुढे उपयोगी पडलं.

मागचा इतिहास असा. फेब्रुवारीत पुण्याहून येताना टेंभुर्णीच्या पुढे रेडिएटरच्या खालच्या होसची (रबरी नळीची) क्लिप सैल झाली आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, सांडलं. हायवेवरच्या एका गॅरेजात क्लिप आवळून दिली आणि वरून लाल कूलंट ओतलं. गाडीत आधीपासून हिरवं होतं. मी विचारलंही, "हिरवं नाही का?" तर उत्तर आलं, "कूलंट म्हंजे कूलंट असतंय मॅडम, कलर बघून काय करताय?" लाल संपल्यावर राहिलेली जागा बादलीतल्या पाण्याने भरली. बादली बोअरची. मी शेजारी उभी होते आणि मुकाट्याने पैसे दिले.

रविवार, ६ एप्रिल

गाडी रात्रभर उभी होती, सकाळी सहाला रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.) झाकणाच्या आतल्या बाजूला तपकिरी साका बसलेला. बोटावर घेतला तर नाचणीच्या आंबिलीसारखा, चोळला की खाली बारीक कणकण लागते. कूलंटच्या पांढऱ्या बाटलीच्या तळाशीही तेच, आणि वरचं पाणी गढूळ चहाच्या रंगाचं.

माझ्या पोटात गोळा आला, कारण तपकिरी चिखल म्हटलं की पहिली शंका हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधल्या पट्टीची). इंजिन ऑइल कूलंटमध्ये मिसळत असेल तर हे सगळं फ्लशिंग वगैरे व्यर्थ, हेडच उघडावं लागतं. अण्णांनी तीन गोष्टी बघायला लावल्या. डिपस्टिकवरचं ऑइल काळं आणि स्वच्छ, दुधाळ नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरी साय नाही. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं, रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे नाहीत. चौथी परीक्षा त्यांची स्वतःची: तो चिखल वर्तमानपत्राच्या कागदावर फासून उन्हात ठेवला. तेल असतं तर भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक डाग पडला असता. पडला नाही. कागद वाळून नुसती तपकिरी पावडर उरली. म्हणजे हा साका कूलंटचाच.

अण्णांचं मत: "पाणी घाल, चालतंय. आमच्या लेलँडला काय कूलंट होतं? नळाचं पाणी, वर थोडं कटिंग ऑइल." मी म्हटलं, लेलँडचं इंजिन लोखंडाचं, हे हेड ॲल्युमिनियमचं. त्यावर ते चहा प्यायला गेले.

संध्याकाळी लोणच्याच्या तीन बरण्या धुऊन घेतल्या. पहिलीत हिरवं आणि लाल कूलंट निम्मं-निम्मं. दुसरीत तेच, अधिक बोअरचं पाणी. तिसरीत फक्त हिरवं आणि बोअरचं पाणी. झाकणं लावून गच्चीवर पत्र्यापाशी ठेवल्या. तिन्हींवर मार्करने "विष" लिहिलं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, आणि कुत्र्या-मांजरांना अगदी थोडंही जिवावर बेततं.

बुधवार, ९ एप्रिल

बरण्यांनी मला तोंडावर पाडलं. हिरवं-लाल मिसळलं की लगेच जेली होते असं मी धरून चालले होते. पहिल्या बरणीत जेली-बिली काही नाही. रंग काळपट चहाचा, तळाशी दोन-चार धागे तरंगताहेत, एवढंच. दुसऱ्या बरणीच्या तळाशी मात्र नखाच्या जाडीचा पांढरट-तपकिरी गाळ. आणि तिसरी, जिच्यात लाल थेंबभरही नव्हतं, तीसुद्धा ताकासारखी गढूळ.

अण्णांच्या पाणी-शुद्धीकरणाच्या यंत्राबरोबर आलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घरात पडून होता. बोअरचं पाणी १,१२०. नळाचं, म्हणजे उजनी धरणाचं, ४१०. आरओचं ६५. बॅटरी वॉटर ३. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कूलंटमधल्या फॉस्फेटला भेटलं की त्याचा क्षार होऊन खाली बसतो. म्हणजे टेंभुर्णीच्या लाल डब्यापेक्षा टेंभुर्णीची बादली जास्त गुन्हेगार.

तरी लाल निर्दोष सुटत नाही. बरणीने तीन दिवस ऊन खाल्लं, गाडीतल्या मिश्रणाने दोन महिने नव्वद अंशांचा मार खाल्ला आहे. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट-फॉस्फेटसारखे क्षार सगळ्या धातूवर पातळ थर चढवून गंज थांबवतात, आणि ते दोनेक वर्षांत संपतात. नव्या ओएटी प्रकारात सेंद्रिय आम्लं असतात, ती जिथे गंज धरू लागतो तिथेच काम करतात आणि पाच वर्षंसुद्धा टिकतात. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा तोल बिघडतो: सिलिकेट सुटून साका धरू शकतं, आणि पाच वर्षांचं आयुष्य दोनवर येतं. रंगावरून यातलं काहीच कळत नाही. रंग म्हणजे नुसता डाय, त्याला कुठलंही प्रमाण नाही. टोयोटाचं गुलाबी, होंडाचं निळं, आणि बाजारात हिरव्या रंगाचं ओएटीही मिळतं. डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचायचं. मी आयएस ५७५९ आणि जेआयएस के २२३४ ही दोन प्रमाणं लिहिलेलं, सिलिकेट नसलेलं ओएटी घ्यायचं ठरवलं.

शनिवार, १२ एप्रिल

आज सोडायचं होतं फक्त जुनं कूलंट. अर्ध्या तासाचं काम. दिवस गेला.

रेडिएटरच्या तळाशी प्लास्टिकचा कॉक असतो, पंखासारखा, हाताने फिरवायचा. सोळा वर्षांत तो कुणी फिरवलेला नव्हता. हाताने हलेना म्हणून मी पक्कड लावली. टक्. पंख माझ्या हातात, दांडा रेडिएटरमध्ये. अण्णा म्हणाले, "प्लास्टिकला पक्कड?" यापेक्षा जास्त काही म्हणाले नाहीत, ते जास्त लागलं.

मग खालचा होसच काढला. क्लिप गंजलेली, ती कापावी लागली. होसचं तोंडही चिकटलेलं आणि ओढताना चिरलं. जे आलं ते रुंद परातीत धरून मापाने मोजलं: २.१ लिटर. मोजायचं सुचलं हे या सगळ्या कामातलं माझं एकमेव शहाणपण. अशा छोट्या इंजिनात सगळं मिळून साडेतीन-पावणेचार लिटर मावतं. मी हिशोबाला ३.६ धरलं. म्हणजे दीड लिटर अजून आतच, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कोअरमध्ये (डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये). रेडिएटर रिकामा झाला म्हणजे गाडी रिकामी झाली नाही.

रेडिएटरमध्ये अडकलेला दांडा तापवलेला स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकमध्ये रुतवून, थंड होऊ देऊन फिरवून काढला. ही अण्णांची युक्ती, पहिल्या फटक्यात जमली. नवा कॉक रबरी रिंगसकट ९० रुपये, खालचा होस २४०, नव्या क्लिपा चार, १४० रुपये. दुकानात ऑल्टोचा होस म्हणून आधी चुकीचा दिला, वळण उलटं. दुसरी चक्कर.

रविवार, १३ एप्रिल

कॉक बसवला. हाताने आवळला, पक्कड कपाटात. नळाच्या पाण्यात रेडिएटर फ्लशचं औषध (२६० रुपये) घालून भरलं, वीस मिनिटं इंजिन चालवलं, थंड होऊ दिलं, सोडलं. आलं ते काळं-तपकिरी, दोन-तीन गुठळ्या मनुक्याएवढ्या. खूश झाले.

दुपारी लक्षात आलं की हीटरची कळ थंडवर होती. कळ थंडवर असली की हीटरच्या कोअरकडे पाणी जातच नाही, आणि कोअर तर खात्रीने तुंबलेला, घाटातच कळलं होतं. औषधाचं काम अर्धंच झालं. उरलेली पाऊण बाटली घालून, कळ पूर्ण गरमवर ठेवून पुन्हा. या वेळी आलेलं पाणी पहिल्यापेक्षाही घाण. घाटातली ओळ वहीत अधोरेखित केली होती खरी, पण वही घरात आणि मी गाडीखाली.

शुक्रवार, १८ एप्रिल (गुड फ्रायडे, सुट्टी)

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तपासायचा ठरवला. वरचा होस इंजिनाला जिथे लागतो तिथल्या झाकणाला दोन बोल्ट, १० नंबरचा पाना. ॲल्युमिनियममध्ये गंजून बसलेले. कॉकवरून धडा घेतलेला, त्यामुळे गंजाचा स्प्रे मारून रात्रभर सोडले होते. सकाळी आधी आवळायच्या दिशेला किंचित, मग सोडायच्या दिशेला, असं हलवत हलवत निघाले.

झाकण उचललं तर आत थर्मोस्टॅटच नाही. रिकामं भोक.

मी टेंभुर्णीच्या गॅरेजला, त्याच्या आधीच्या सर्व्हिसिंगवाल्याला, सगळ्यांना मनात शिव्या घालत होते. अण्णा शांतपणे म्हणाले, "मीच काढायला लावला होता. सोळा सालच्या उन्हाळ्यात. आगारात काढायचोच की."

म्हणजे नऊ वर्षं गाडी थर्मोस्टॅटविना. थंडीत सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, हे आम्ही "जुनी झाली गाडी" म्हणून सोडून दिलं होतं. थर्मोस्टॅट काढल्याने गरम गाडी थंड होते हा समज का टिकून आहे ते कळतं: तुंबलेल्या रेडिएटरमधून सगळं पाणी सतत फिरत राहिलं की काही दिवस काटा खाली राहतो. रेडिएटर अजून तुंबला की मग काढायला काही उरत नाही.

अण्णांशी वाद तासभर. शेवटी तह: नवा बसवायचा, पण त्यांच्या देखत पातेल्यात तपासून. एक फायदा मात्र झाला, थर्मोस्टॅट नसल्यामुळे फ्लशचं पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. ज्यांच्या गाडीत तो आहे त्यांनी धुवून होईपर्यंत काढूनच ठेवावा, नाहीतर प्रत्येक वेळी इंजिन पूर्ण तापेपर्यंत बसा.

शनिवार-रविवार, १९ व २० एप्रिल

धुणं. प्रत्येक खेपेला तेच: २.१ लिटर पाणी भर, हीटर गरमवर, पंधरा मिनिटं इंजिन, तासभर थंड, कॉक सोड, परात. नळाला आमच्याकडे रोज पाणी येत नाही, त्यामुळे आदल्या पाण्याच्या दिवशी दोन कॅन भरून ठेवले होते.

पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे झालं असं नाही. दुसऱ्या खेपेलाच ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होतं. म्हणून बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजत गेले. कूलंटमधले क्षार मीटरला दिसतात. पहिल्या चार खेपा नळाच्या पाण्याने: ३,६००, मग १,७५०, ९६०, ६४०. दर खेपेला आत दीड लिटर जुनं राहतंच, त्यामुळे मागच्याचा साधारण चाळीस टक्के भाग पुढे येतो. आणि नळाचं पाणी स्वतःच ४१० असल्यामुळे त्याखाली कधीच जाणार नाही. मग दोन खेपा बॅटरी वॉटरच्या: २७०, आणि ११५. थांबले. बॅटरी वॉटरचे पाच लिटरचे पाच कॅन एकूण आणले, ५५० रुपये. आरओचं चाललं असतं का, असं शेजारच्या काकांनी विचारलं. नळापेक्षा बरं, पण ११० रुपयांच्या कॅनसाठी सोळा वर्षांच्या ॲल्युमिनियमशी कशाला जुगार खेळायचा?

मधल्या वेळात थर्मोस्टॅट. नवा गॅस्केटसह ३८० रुपये, त्यावर ८२ कोरलेलं. गॅसवर पातेलं, पाण्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, तळ जास्त गरम असतो. ८० ला बंद, ८३ ला केसाएवढी फट, नव्वदी ओलांडली तशी चकती उचलली गेली. अण्णा वाकून बघत होते. "चालतंय," म्हणाले. नवाकोरा होता म्हणून स्वयंपाकघरातलं पातेलं चाललं. गाडीतून काढलेला असेल तर त्याला वेगळं भांडं घ्या, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

झाकणाचे बोल्ट बेताने आवळले. छोटे बोल्ट, ॲल्युमिनियमचे आटे. रेडिएटरचं झाकणही नवं घेतलं, १९० रुपये, जुन्यावर होता तोच दाबाचा ०.९ आकडा बघून. जुन्याचं रबर फुगलं होतं. झाकणाने दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं.

संध्याकाळी शेवटचं पाणी सोडलं आणि तीन लिटरचा तयार कूलंटचा डबा (६९०) उघडला. तयार म्हणजे निम्मं कूलंट, निम्मं पाणी आधीच मिसळलेलं. २.१ लिटर आत गेलं. झालं, म्हणून हात धुतले.

मंगळवार, २२ एप्रिल

रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं: आत दीड लिटर होतं. ते काय होतं? बॅटरी वॉटर. म्हणजे मी निम्म्या पाण्याचं कूलंट आणखी दीड लिटर पाण्यात ओतलं. २.१ लिटरमध्ये कूलंट १.०५, भागिले ३.६. एकोणतीस टक्के!

आठवडाभर ज्या आकड्यावर मी सगळ्यांना ज्ञान दिलं, त्यावरच माती खाल्ली.

शनिवार, २६ एप्रिल

कूलंट किती दाट आहे ते मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आला, १,१५० रुपये. या कामातली सगळ्यात महाग वस्तू, आणि खरं तर मित्रमंडळींत एक पुरतो. काचेवर थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळ्या-पांढऱ्याची सीमा इथिलीन ग्लायकॉलच्या पट्टीवर कुठे येते ते वाचायचं. आधी बॅटरी वॉटरचा थेंब टाकून शून्य लावून घ्यायचं, हे विसरू नका. माझी सीमा उणे १५ अंशांवर, म्हणजे तिथे हे कूलंट गोठेल. निम्मं-निम्मं असतं तर उणे ३५ च्या पुढे हवं होतं. हिशोब बरोबर होता, दुर्दैवाने.

सोलापुरात गोठायचं कुणाला आहे, असं अण्णांनी विचारलंच. गोठण्याचा प्रश्न नाहीच, पण तोच आकडा सांगतो की गंजरोधक किती पातळ झालंय. उकळबिंदूही थोडा खाली येतो. तीस टक्क्यांवर गाडी लगेच मरणार नाही. पण एवढं धुऊन अर्धवट ठेवायचं तर धुतलं कशाला?

रविवार, २७ एप्रिल

दुरुस्ती. पुन्हा २.१ लिटर सोडलं. आत राहिलेल्या दीड लिटरमध्ये कूलंट ०.४४ लिटर. हवं एकूण १.८. म्हणजे न मिसळलेलं, पूर्ण दाट कूलंट १.३६ लिटर आणि बॅटरी वॉटर ०.७४ लिटर. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दाट कूलंट एक-एक लिटरचे दोन डबे, ७२० रुपये. आधी दाट, मग पाणी. पहिल्यापासून दाट आणलं असतं तर तयार डब्याची गरजच पडली नसती. आतलं पाणी तसंच राहू द्यायचं, एकूण मापाच्या निम्मं दाट ओतायचं आणि वरची जागा बॅटरी वॉटरने भरायची. डब्यावर "पाणी मिसळू नका" छापलेलं असतं, पण ते पाणी आधीच आत बसलेलं आहे हे कुणी छापत नाही.

भरून सुरू केलं. दहा मिनिटांत काटा भराभर वर, डॅशबोर्डच्या मागे गुडगुड, हीटरची हवा गार. हवा अडकली. बंद केलं, थंड होऊ दिलं. पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक. रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं पाहिजे. झाकण काढून सुरू केलं आणि वरचा होस हाताने दाबत-सोडत राहिले. अण्णा तोंडाशी लक्ष ठेवून. भळकन एक मोठा बुडबुडा आला आणि पातळी एकदम वीतभर खाली. भरली. पुन्हा छोटे. थर्मोस्टॅट उघडला तशी होस एकाएकी गरम झाली, हीटरची हवा चटका बसेल अशी. फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबलो, झाकण लावलं.

थंड झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर: उणे ३६.

लांबूनच तापमान मोजणारा आयआर थर्मामीटर शेजाऱ्यांकडून मागून आणून रेडिएटरवर फिरवला. वर ८८, खाली सत्तरीच्या आसपास, पण ड्रायव्हरच्या बाजूचा खालचा कोपरा ४६. तेवढ्या नळ्या अजून तुंबलेल्या आहेत. रेडिएटर काढून उलट्या दिशेने पाणी मारायचं होतं ते मी आळस करून टाळलं. भरल्यावर सुचलेल्या गोष्टींचं काय करायचं?

गुरुवार, १ मे (महाराष्ट्र दिन)

पुन्हा तुळजापूर. मुद्दाम दुपारी, मुद्दाम एसी चालू, चार माणसं. घाटात काटा निम्म्यावर चिकटून. माथ्यावर गाडी थांबवून फॅनचा आवाज ऐकला, बंद झाला, पुन्हा लागला. आईने विचारलं, "हीटर लावणार आहेस का? आधी सांग, मी उतरते."

परतल्यावर कूलंटच्या बाटलीची पातळी बोटभर खाली होती. उरलेली हवा निघाली असावी. पहिल्या डब्यातलं ९०० मिली शिल्लक होतं, त्यातून भरली.

रविवार, १८ मे

अडीच आठवडे, ६४० किलोमीटर. पातळी जागची हललेली नाही. झाकणाखाली साका नाही, बोट फिरवलं तर स्वच्छ. सकाळी इंजिन आता चौथ्या मिनिटाला तापतं. अण्णांनी हे कबूल केलं नाही, पण गाडी तेच काढतात आणि "आता पिकप आहे" असं शेजारच्या काकांना सांगताना मी ऐकलं.

जुन्या कूलंटचे आणि पहिल्या दोन धुण्यांचे कॅन कुलूपबंद खोलीत उभे आहेत. उघड्या गटारात ओतायचे नाहीत, गल्लीतली तीन कुत्री तिथेच पाणी पितात. गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपातही नाही, त्याने ते ऑइल नासतं. बॉनेटच्या आत मी रंगाने लिहून ठेवलं आहे: ओएटी, एप्रिल २०२५, फक्त बॅटरी वॉटर. डिकीत तयार कूलंटची अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे पुढच्या वेळी कुणाची बादली नको.

कोपरा आज पुन्हा मोजला. ४८. रेडिएटरवाल्याकडे पावसाळ्यानंतर.